अनुशेष म्हणजे काय रे भाऊ? आणि तो भरून का येत नाही?

दर डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की एक शब्द बातम्यांत हमखास उगवतो: अनुशेष. विदर्भाचे आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरून बसतात, मराठवाड्याचे पाण्याचं विचारतात, कोकणातले म्हणतात आम्हाला तर कुणी विचारतच नाही. सत्तेतला कुणीतरी सांगतो, अनुशेष संपला. दुसऱ्या दिवशी विरोधातला सांगतो, वाढला. गंमत म्हणजे दोघंही बऱ्याचदा खरं बोलत असतात. ते कसं, हे कळलं की प्रादेशिक विकासाचं निम्मं भांडण उलगडतं.

आधी गावातला नळ बघू

गावात पाण्याची टाकी एक. वरची आळी टाकीच्या पायथ्याशी, खालची आळी पाइपाच्या शेवटच्या टोकाला. कागदावर गावाला माणशी ५५ लिटर पाणी मिळतं आणि तो हिशोब खोटाही नसतो. टाकीत तेवढं पाणी चढतं, टाकीतून तेवढंच उतरतं. फक्त वरच्या आळीत हंडे भरून अंगणात सडा पडतो, आणि खालच्या आळीत नळ आधी फुसफुसतो, मग करंगळीएवढी धार देतो. त्यात वरच्या आळीतल्या कुणी नळाला मोटर लावली की तीही बंद.

पैसा आणि उद्योग असेच वाहतात. कारखाना तिथेच जातो जिथे आधीचे चार कारखाने आहेत, कारण सुटे भाग बनवणारा, फिटर, बँक, दवाखाना, साहेबाच्या पोरांना शाळा, सगळं तिथेच असतं. मुंबईला बंदर होतं, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, मग गिरण्या आल्या. पुढे दाब ठाणे, पुणे, नाशिक असा पसरला. यात कुणी खलनायक असावाच लागतो असं नाही, टाकीजवळ असणं पुरतं. मोटर लावणारे मात्र असतात. राजकारणात मोटरीला वजन म्हणतात.

राज्याच्या आधीचा करार

आजचा महाराष्ट्र तीन वेगळ्या घरांतून आला. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकण मुंबई राज्यात, विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात, मराठवाडा निजामाच्या हैदराबादेत. तिघांचे रस्ते, शाळा, महसुलाच्या पद्धती, सगळंच निराळं. एकत्र यायचं तर वाटण्या आधी ठरवू, म्हणून तिन्ही भागांच्या पुढाऱ्यांनी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार केला. नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन हे त्यातलंच एक कलम. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणात वाटा, हीही.

१९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३७१(२) आलं. त्यानुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं काढता येतात, आणि विकासखर्चाचं न्याय्य वाटप होतंय की नाही हे बघायची खास जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर टाकू शकतात. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. मधली अडतीस वर्षं कलम पुस्तकात होतं.

मोजायचं कसं?

तूट आहे हे सगळे म्हणत होते, पण किती? १९८३ साली सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ मध्ये अहवाल आला आणि 'अनुशेष' या शब्दाला आकड्यात बसवलेला अर्थ मिळाला.

रीत सोपी होती. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी एकेक बाब घ्यायची. राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट मोजायची. ती भरायला आजच्या भावाने जो खर्च येईल, तो त्या जिल्ह्याचा अनुशेष.

समजा राज्यात तीनच जिल्हे आहेत, आकाराने सारखे. शंभर एकरांमागे पहिल्यात ४० एकर भिजतात, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात ११. सरासरी २७. तिसऱ्याची तूट १६ एकर. पहिले दोघे वर आहेत, त्यांचा अनुशेष शून्य. त्यांच्याकडचं जास्तीचं कुणी काढून घेत नाही, वजाही करत नाही.

या रीतीने १९८४ साली राज्याचा अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपये. विदर्भ १,२४६.५५ कोटी, मराठवाडा ७५०.८५ कोटी, आणि उर्वरित महाराष्ट्र १,१८९.३८ कोटी.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. ज्याला आपण सरसकट 'पुढारलेला' म्हणतो त्या भागाची तूट मराठवाड्यापेक्षा जास्त! कारण मोजणी जिल्हावार होती. उर्वरित महाराष्ट्रात जिल्हे जास्त, आणि तिथेही कोकण आहे, धुळ्याचा आदिवासी पट्टा आहे. पुण्याच्या उसाने रत्नागिरीची तूट भरत नाही, हे दांडेकरांनी आकड्यात दाखवलं. विदर्भ-मराठवाड्यात यावर बरीच नाराजी झाली. मला मात्र ती मोजणी त्या काळाच्या मानाने फारच स्वच्छ वाटते.

पण जिल्ह्याची सरासरी तरी खरी बोलते का?

नाही बोलत. ठाणे जिल्हा घ्या. दरडोई उत्पन्नात राज्यात वरच्या ओळीत. त्याच जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत, ज्यांचं पाणी मुंबईच्या नळाला जातं. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल उजाडला की बायका टँकरची वाट बघत विहिरीच्या काठावर बसलेल्या असतात. टँकर विहिरीत पाणी ओततो, मग दोर आणि पोहरे. जिल्ह्याच्या सरासरीत ही विहीर दिसतच नाही.

म्हणून विजय केळकर यांच्या समितीने २०१३ च्या अहवालात जिल्हा सोडून तालुका हा घटक धरला. भिंग जवळ आणलं तसे 'पुढारलेल्या' भागातले मागास तालुके दिसू लागले, आणि मागास भागातले बरे चाललेलेही. साहजिकच हा अहवाल कुणालाच पुरता पचला नाही.

मग चाळीस वर्षांत भरला का नाही?

१९९४ मध्ये मंडळं आल्यावर निर्देशांक व अनुशेष समिती बसली. तिच्या हिशोबाने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष १४,००६.७७ कोटी. त्यात विदर्भ ६,६२४.०२, मराठवाडा ४,००४.५५, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी. दहा वर्षांत चौपटीच्या वर, तेही अनुशेष भरून काढायच्या घोषणा चालू असताना.

महागाई हे एक कारण. दुसरं गणितातच दडलंय. आपल्या तीन जिल्ह्यांकडे परत जाऊ. समजा दहा वर्षांनी पहिल्यात ६० एकर भिजतात, दुसऱ्यात ४२, तिसऱ्यात २४. तिसऱ्याने दुपटीहून जास्त प्रगती केली. पण सरासरी आता ४२ झाली, आणि त्याची तूट १६ वरून १८ वर गेली. पालकमंत्री म्हणतील, सिंचन दुप्पट केलं. विरोधक म्हणतील, अनुशेष वाढला. दोघांच्या हातात खरा कागद.

आणखी एक खोच आहे. पुढे राज्यपालांच्या निर्देशांनुसार निधी वाटला गेला तो १९९४ चा आकडा धरून. त्यामुळे 'अनुशेष संपला' असं अधिकृतपणे सांगितलं जातं तेव्हा बहुतेक वेळा अर्थ असतो, १९९४ सालची तूट भरण्यापुरते पैसे दिले गेले. आजची दरी हा वेगळा प्रश्न. उधारीच्या वहीत तीस वर्षांपूर्वीचं पान मिटवायचं आणि दुकानदाराने म्हणायचं, खातं निल!

पैसे दिले म्हणजे पाणी आलं का?

इथे दोन शब्द पक्के लक्षात ठेवा: आर्थिक अनुशेष आणि भौतिक अनुशेष. पहिला म्हणजे द्यायचे राहिलेले पैसे, दुसरा म्हणजे व्हायचं राहिलेलं काम. पैसे कागदावर एका दिवसात पोचतात, कालव्याला पिढ्या लागतात.

भंडारा जिल्ह्यातला गोसीखुर्द प्रकल्प बघा. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, अंदाजित खर्च ३७२ कोटी, उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर भिजवायचं. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. खर्चाचा अंदाज पुढे १८ हजार कोटींच्याही पार गेला. धरणात पाणी साठलं, पण शेताच्या बांधापर्यंतची शेवटची चारी व्हायला शेतकऱ्याच्या पोराचे केस पांढरे झाले.

का रखडतं? पूर्व विदर्भात जंगल आहे, आणि १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर वनजमिनीतून साधा कालवा न्यायचा तर दिल्लीची परवानगी लागते. पश्चिम विदर्भात पूर्णा नदीचा खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात विहीर खोदली तर पाणी लागतं, पण खारं. तिथे विहिरींच्या योजना टाकून उपयोग नाही, बाहेरूनच गोडं पाणी आणायला हवं. शिवाय मागास जिल्ह्यात अभियंत्यांची पदं रिकामी. बदली झालेला साहेब रुजू व्हायच्या आधीच परत जायचा अर्ज टाकतो. मग मार्च येतो, ३१ तारखेला निधी परत जातो, आणि मुंबईत कुणीतरी म्हणतं, बघा, दिला तरी खर्चता येत नाही.

मोटरीचीही एक गोष्ट सांगायला हवी. कृष्णा पाणीतंटा लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिलं होतं, आणि त्या निवाड्याचा फेरविचार मे २००० नंतर होऊ शकत होता. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, एक टीएमसी साधारण २,८३१ कोटी लिटर. तोवर पाणी अडवलं नाही तर हक्क जाईल, या धाकाने १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, बाजारातून रोखे काढून पैसा उभा राहिला आणि कामं धडाक्यात लागली. धाक खोटा नव्हता. पण गोदावरीला, वर्धेला, पैनगंगेला अशी तारीख नव्हती, म्हणून त्यांची घाईही कुणाला नव्हती. तारीख लावली की सरकार हलतं, एवढं त्यातून कळलं.

मुंबई-पुण्याच्या घामाचा पैसा आम्ही का द्यायचा?

हा प्रश्न सभ्य लोक चारचौघांत विचारत नाहीत, व्हॉट्सअॅपवर विचारतात. आकड्यात बोलायचं तर कर मुंबई-पुणे पट्ट्यातून जास्त जमतो, हे खरं.

पण मुंबईतल्या कंपनीचा कर मुंबईत भरला जातो म्हणून कमाईही तिथेच झाली असं नसतं. वीज बघा. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. कोळसा तिथला, राख तिथली, उन्हाळ्यातला फुफाटा तिथला. १९९९ मध्ये चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची थेट तार टाकली, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी. तीही टाकीच, फक्त उलट्या दिशेची. राखेचा हिशोब चंद्रपूरकराच्या फुप्फुसात राहतो, उजेडाचा हिशोब ठाण्याच्या उत्पन्नात लागतो.

कापसाचंही तेच. वऱ्हाडात पिकतो, सरकी वेगळी होऊन गाठी बांधल्या जातात, गाठी बाहेर जातात. सूत, कापड, शर्ट, प्रत्येक पायरीला भाव चढतो आणि पायऱ्या दुसऱ्या गावात असतात.

सवलती दिल्या की उद्योग येतात ना?

थोडे येतात. १९६४ पासून राज्यात सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे वर्ग पाडायचे आणि जितका मागास तितकी करात, विजेत सूट जास्त. गडचिरोलीसाठी 'विनाउद्योग जिल्हा' असा वेगळाच वर्ग. पण सवलत म्हणजे खालच्या आळीतल्या नळाला स्वस्त तोटी. दाब नसेल तर तोटी किती का स्वस्त असेना.

दाब तयार होतो तो गोतावळ्याने. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्यामागोमाग सुटे भाग बनवणारे छोटे कारखानदार आले. एकेकट्याला न परवडणारी तपासणीची यंत्रं एकत्र वापरता यावीत म्हणून मराठवाडा ऑटो क्लस्टर उभं राहिलं. क्लस्टर म्हणजे भिशीच, पैशाऐवजी यंत्राची. एकमेकांचे स्पर्धक एकाच छताखाली आपला माल तपासून घेतात. सहकार्य ते हेच, आणि त्यासाठी कुणाला कुणावर माया असावी लागत नाही.

रस्त्यांबद्दल सावध राहिलेलं बरं. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. रस्ता माल नेतो तसा आणतोही. नागपूरची संत्री रातोरात मुंबईला जातील, तसा भिवंडीच्या गोदामातला मालही वाशिमच्या दुकानात येईल. कुणाचं पारडं जड होतं ते वाटेवर काय उभं राहतं त्यावर ठरेल.

जायकवाडी: भांडत भांडत सहकार्य

'प्रदेशांनी एकमेकांना समजून घ्यावं' वगैरे वाक्यं भाषणात ठीक. सहकार्य कसं दिसतं ते पाहायचं तर ऑक्टोबरात पैठणला जावं.

नाथसागराची, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, उपयुक्त क्षमता सुमारे ७६ टीएमसी. वर नाशिक-नगरच्या गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा या धरणांत पाणी आधी अडतं, खाली पैठणला उरलंसुरलं येतं. वरची आळी, खालची आळी. पूर्वी खालच्यांनी मागायचं आणि वरच्यांनी आढेवेढे घ्यायचे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने यात नियम आणला: टंचाई आली तर ती एका खोऱ्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची. पुढे प्रमाण ठरलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. लोक न्यायालयात गेले, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा नाशिक-नगरात आंदोलनं झाली, मराठवाड्यात पाणी उशिरा येतं म्हणून झाली.

मग सहकार्य कुठे? तर भांडणाचा विषय बदलला, तिथे. पूर्वी वाद होता पाणी द्यायचं की नाही. आता वाद आहे ६५ टक्के बरोबर की कमी हवेत, वाटेत किती मुरलं, दरवाजे कोणत्या तारखेला उघडायचे. वरच्या शेतकऱ्याचंही खरंच आहे, त्याची द्राक्षं आणि ऊस त्याच पाण्यावर उभे असतात. पण आता दोघंही एकाच तक्त्याकडे बोट दाखवून भांडतात. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत प्रादेशिक न्यायासाठी राज्यात झालेलं हे सर्वांत ठोस काम आहे, आणि ते कुणालाही आवडत नाही.

माणसं जातील की काम असेल तिथे

काही अर्थतज्ज्ञांचं म्हणणं असं की गावाकडे कारखाने ओढण्यापेक्षा माणसांना शहराकडे जाऊ द्या. दरी आपोआप मिटेल.

जाताना बघितलंय का? दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, चुलीचं सामान, एखादी शेळी, वर बसलेली म्हातारी आणि दोन पोरं, थोरलीच्या मांडीवर धाकटं. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाने उन्हाळ्यातच उचल दिलेली असते, ती फेडायला पाडव्यापर्यंत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायचा. राहायला पाचटाची कोपी. पोरीची शाळा ऑक्टोबरात सुटते ती एप्रिलात भेटते, भेटलीच तर. बीडचं पाणी अडलं नाही म्हणून तिचे आईबाप दुसऱ्याच्या पाण्यावर पिकलेला ऊस तोडतात. बाजाराच्या भाषेत याला श्रमाची गतिशीलता म्हणतात. दोन-चार हुशार पोरं पुण्यात स्थिरावतात हेही खरं, पण कोयता सहसा फक्त जातो आणि येतो.

वेगळं राज्यच केलं तर?

विदर्भापुरतं विचारलं जातं. टाकी वेगळी होईल, पण नागपूरपासून गडचिरोली तेवढीच लांब राहील.

मंडळं नसली तर काय बिघडतं?

तिन्ही विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापन करण्याची शिफारस केली. तशी मंडळांच्या हाती मोठी तिजोरी कधीच नव्हती. अधिकारी तिथली नेमणूक शिक्षा समजत. म्हणून कित्येकांना वाटतं, गेली तर गेली.

पण त्यांचं काम मोजायचं होतं. दर वर्षी अहवाल करायचा आणि तो विधानसभेपुढे ठेवायचा, हे थेट संविधानात लिहिलेलं आहे. अहवाल मेजावर आला की कोणत्या जिल्ह्यात किती हेक्टर, किती खाटा, किती रिकामी पदं, हे विचारायला आमदाराच्या हातात कागद असतो. अहवालच नसेल तर पायऱ्यांवरच्या फलकावर आकडा १९९४ चाच लिहावा लागतो. त्या वर्षी जन्मलेली पोरगी आज तिशी ओलांडून कोयत्याची अर्धी जोडी झाली असेल, आणि तिच्याही ट्रॉलीत मांडीवर एक धाकटं असेल.